संकेतस्थळांची सुगम्यता

अंध, कर्णबधिर, हातांची हालचाल मर्यादित असलेल्या किंवा वाचायला अडचण येणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्या कोणाची मदत न घेता संकेतस्थळ वापरता येणे, याला सुगम्यता म्हणतात. २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. भारतात सुगम्यता कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती फक्त सरकारी कार्यालयांपुरती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४६ खासगी सेवा पुरवठादारांनाही लागू आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद कलम ८९मध्ये आहे.

तांत्रिक निकष 'डब्ल्यूसीएजी' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतून येतात. सरकारी संकेतस्थळांसाठी 'जीआयजीडब्ल्यू' ही नियमावली २००९ साली आली, तिची तिसरी आवृत्ती २०२३ची. 'आयएस १७८०२' हे भारतीय मानकही त्याच वर्षी कायद्याच्या नियमांत समाविष्ट झाले. सर्वसाधारणपणे 'डब्ल्यूसीएजी'ची 'एए' ही मधली पातळी गाठणे अपेक्षित असते. उदाहरणार्थ, नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक हवा.

अंध व्यक्ती माउस वापरत नाही. टॅब कळ दाबत ती पुढे जाते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, अर्जातला प्रत्येक रकाना वाचून दाखवतो. रकान्याला कोडमध्ये नावच दिलेले नसेल, तर कानावर नुसते 'एडिट, एडिट, एडिट' पडत राहते. नाव कुठे लिहायचे आणि पिनकोड कुठे, कळायला मार्ग नसतो. एवढे पार पाडले तरी शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा अडवतो. मग आधार क्रमांक आणि ओटीपी शेजाऱ्याला सांगावा लागतो. गैरसोयीपेक्षा ही खासगीपणाची हानी मोठी आहे.

मराठीची अडचण आणखी वेगळी. स्कॅन करून चढवलेला शासन निर्णय स्क्रीन रीडरच्या लेखी कोरे चित्र असतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्थहीन बडबड ऐकू येते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद नसेल, तर युनिकोड मजकूरही भलत्याच भाषेच्या उच्चारांत वाचला जाण्याची शक्यता असते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा, याच कायद्याखालील नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५चा निकाल थेट केवायसीबद्दल, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेबद्दल होता. ॲसिडहल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर तो लागला. चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तीने कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून आपण जिवंत असल्याचे दाखवायचे कसे, हा त्यातला प्रश्न होता. डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पापणी मिटण्याला पर्याय, अंगठ्याच्या ठशाला मान्यता, ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी असे २० निर्देश दिले.

अनेक कार्यालये पानाच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करणारे बटण बसवून काम झाले असे मानतात. त्या बटणाने बिननावाच्या रकान्याला नाव मिळत नाही. स्वयंचलित तपासणीही अपुरी पडते, कारण छायाचित्राला पर्यायी मजकूर आहे एवढेच ती सांगते. तो मजकूर 'आयएमजी ००२३' असा असला तरी तिला चालतो. म्हणून माउस बाजूला ठेवून, 'एनव्हीडीए'सारखा मोफत स्क्रीन रीडर लावून, रोज तो वापरणाऱ्या व्यक्तीकडूनच पूर्ण अर्ज भरून पाहावा लागतो.