मॅक्रो आणि विंडोजच्या कुलूपबंद सेटिंग्ज

विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीच्या एचकेएलएम (सर्व वापरकर्त्यांसाठी सामाईक) शाखेत लिहायला गेलेला मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणारा छोटा कोड, परवानगी नाकारली म्हणून अडतो, तेव्हा चूक बहुधा कोडमध्ये नसते. तोच कोड विंडोज एक्सपीवर मुकाट चालला असता. तिथे घरातले बहुतेक जण अ‍ॅडमिन खात्यावरच काम करत.

या मोकळीकीचा फायदा व्हायरसवाल्यांनी आधीच उठवला होता. मार्च 1999 मधल्या मेलिसाने सेटिंग्ज वाचू-लिहू देणाऱ्या वर्डच्याच प्रायव्हेटप्रोफाइलस्ट्रिंग या सोयीने वर्ड 2000 ची मॅक्रो-सुरक्षा रजिस्ट्रीत खाली आणली. (ती नोंद एचकेसीयूमधली, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या हद्दीतली, तिला यूएसी, म्हणजे पुढे आलेली विंडोजची परवानगी विचारणारी व्यवस्था, आजही अडवणार नाही.) मे 2000 मधल्या आयलव्हयूने मात्र रेगराइट ही स्क्रिप्टमधली आज्ञा वापरून एचकेएलएमच्या रन कीमध्येच (आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम नोंदवणाऱ्या कप्प्यातच) बस्तान बसवले.

2007 मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टाने यूएसी आणले. अ‍ॅडमिनने लॉगइन केले तरी रोजचे प्रोग्रॅम अधिकार छाटलेल्या टोकनवर (प्रोग्रॅमच्या अधिकारांच्या ओळखपत्रावर) चालतात आणि हे टोकन प्रोसेस सुरू होतानाच ठरते. उघड्या एक्सेलमधल्या मॅक्रोला मध्येच बढती मिळत नाही. शेलएक्झिक्यूट या प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या विंडोज फंक्शनला ‘रनअ‍ॅज’ देऊन अ‍ॅडमिन अधिकाराने नवी प्रोसेसच सुरू करावी लागते. ऑटोहॉटकी या स्क्रिप्ट-भाषेत आधी, अ‍ॅडमिन आहोत का हे सांगणारे ए_इजअ‍ॅडमिन तपासायचे, मग ‘रन *रनअ‍ॅज’. संमतीच्या खिडकीतले ‘होय’ स्क्रिप्टने दाबायचा विचार सोडावा. ती खिडकी मुळात वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते.

एरर आली तर निदान कळते तरी. डोके खातात ती गुपचूप फसणारी कामे. साध्या स्क्रिप्टने अ‍ॅडमिन खिडकीकडे कळा पाठवल्या तर यूआयपीआय (कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या खिडकीपासून दूर ठेवणारी व्यवस्था) त्या गिळून टाकते आणि कळा पाठवणारे सेंडइनपुट फंक्शन त्याचा पत्ताही लागू देत नाही. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात) अधिकाराची पातळी न सांगणाऱ्या जुन्या 32-बिट प्रोग्रॅमचे एचकेएलएम-सॉफ्टवेअरमधले लिखाण व्हर्च्युअलस्टोअर या वापरकर्त्याच्या वेगळ्या कप्प्यात वळवले जाते: प्रोग्रॅमला वाटते झाले, सेटिंग जिथल्या तिथे. 64-बिट विंडोजवर 32-बिट ऑफिस असेल, तर अधिकार असूनही नोंद वाव6432नोड या 32-बिट प्रोग्रॅमांसाठीच्या वेगळ्या शाखेखाली जाते. म्हणून लिहिल्यानंतर ती की रेगएडिट या रजिस्ट्री पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी पाहावी.

आता अ‍ॅडमिन असणेही पुरत नाही. 2024 च्या अपडेटमधून आलेला यूसीपीडी हा ड्रायव्हर डीफॉल्ट ब्राउझर ठरवणाऱ्या यूजरचॉइस कीजवर पहारा देतो. पॉवरशेल आणि रेगएडिटलाही तिथे मज्जाव. अशा ठिकाणी स्क्रिप्टने ‘एमएस-सेटिंग्ज:डीफॉल्टअ‍ॅप्स’ हे पान उघडून द्यावे, शेवटची क्लिक वापरकर्त्याने करावी.