ई-रीडर की टॅबलेट : निवडीमागची पार्श्वभूमी

रोजच्या वाचनासाठी ई-रीडर घ्यावा की टॅबलेट, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक गृहीतक असते: ही दोन्ही उपकरणे एकाच घराण्यातली असून एक जरा साधे आणि दुसरे सुधारलेले आहे. प्रत्यक्षात टॅबलेट संगणकाच्या वंशातला आहे, तर ई-रीडर कागदाला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून आला आहे. गंमत अशी की या दोन्ही वाटा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या एकाच संशोधन केंद्रातून गेलेल्या आहेत.

तेथील संशोधक अ‍ॅलन के यांनी 1972 मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या, वहीएवढ्या आणि बरोबर नेता येण्याजोग्या संगणकाची कल्पना मांडली. नावात ‘बुक’ असले तरी मुलांनी त्यावर लिहावे, चित्रे काढावीत, स्वतः प्रोग्राम तयार करावेत, असा त्यांचा विचार होता. वाचन हे अनेक कामांपैकी एक काम होते. 2010 मध्ये 9.7 इंची पडद्याचा, सुमारे 680 ग्रॅम वजनाचा अ‍ॅपलचा पहिला आयपॅड आला, तेव्हाही वाचनाचे हे दुय्यम स्थान बदलले नाही. टॅबलेटवर प्रकरण अर्ध्यावर आले असताना वर निरोपाची पट्टी झळकते आणि वाचक पुस्तकातून बाहेर पडतो, याचे मूळ त्या उपकरणाच्या घडणीतच आहे.

त्याच केंद्रात सत्तरच्या दशकात निक शेरिडन यांनी अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असे बारीक गोळे विजेच्या साहाय्याने फिरवून अक्षरे उमटवण्याचे तंत्र शोधले होते. पुढे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी याच दिशेने काम करत होते आणि त्यातून 1997 मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात परस्परविरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. खालून योग्य तो विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तेथेच राहतात. त्यामुळे पडद्याला वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, आणि म्हणूनच एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक आठवडे चालतो. पान बदलताना पडदा क्षणभर काळा होऊन लखलखतो किंवा आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, तेही या कणांच्या संथ चालीमुळेच. नवा ग्राहक अनेकदा त्याला बिघाड समजतो.

1998 मध्ये आलेली ‘रॉकेट ईबुक’ आणि ‘सॉफ्टबुक’ ही उपकरणे अजून एलसीडी पडद्याचीच होती आणि ती टिकली नाहीत. ई इंकचा पडदा वापरणारे पहिले वाचनयंत्र, सोनीचे ‘लिब्रिए’, 2004 मध्ये जपानमध्ये विक्रीला आले. पडदा उत्तम होता, पण घेतलेले पुस्तक 60 दिवसांनी उघडेनासे होई. नोव्हेंबर 2007 मध्ये आलेल्या, अ‍ॅमेझॉन या ऑनलाइन दुकानाच्या किंडलचा पडदा याच जातीचा होता. फरक होता तो संगणकाला न जोडता, यंत्रातल्याच मोबाइल जोडणीवरून पुस्तक विकत घेऊन उतरवण्याच्या सोयीत. 399 डॉलर किंमत असूनही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. ई-रीडरला यश मिळाले ते पडद्यापेक्षा या दुकानामुळे, असे माझे मत आहे.

या दुकानाबरोबर कुलूपही आले. त्याच 2007 साली ‘ईपब’ हे ई-पुस्तकाच्या फाईलचे सर्वांसाठी खुले स्वरूप मानक म्हणून जाहीर झाले. किंडलने मात्र आपले वेगळे स्वरूप ठेवले. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने विक्रीहक्काच्या वादातून जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरस्थपणे काढून टाकल्या. पैसे परत दिले आणि पुढे माफीही मागितली, परंतु विकत घेतलेले पुस्तक नेमके कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. 2022 पासून वाचकाला स्वतःजवळची ईपब फाईल किंडलवर पाठवता येते. एका दुकानातील कुलूपबंद पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर मात्र अजूनही सहज उघडत नाही.

यंत्राचा आकार ठरवताना मात्र दुकानापेक्षा स्वतःजवळच्या फायली आधी तपासाव्यात. 1993 मध्ये आलेल्या पीडीएफचा हेतूच मुळी पानाची मांडणी जशीच्या तशी राखणे हा होता. ए-4 आकाराचे पान सहा इंची पडद्यावर पूर्ण बसवले की 12 पॉइंटचे अक्षर जेमतेम 5 पॉइंटचे उरते. मोठे करावे तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. दहा इंची पडद्यावर तेच अक्षर 8 पॉइंटच्या आसपास राहते. कादंबऱ्या आणि कथासंग्रह ईपबमध्ये असतील, तर अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात आणि सहा इंच पुरतात. आकृत्या आणि तक्ते असलेल्या अभ्यासग्रंथांसाठी मोठा ई-रीडर किंवा सरळ टॅबलेटच बरा.

राहिला प्रश्न डोळ्यांचा आणि झोपेचा. सुरुवातीच्या ई-रीडरना कागदासारखाच बाहेरचा उजेड लागे. 2012 मध्ये ‘नूक’ आणि ‘किंडल पेपरव्हाइट’ या ई-रीडरच्या कडांतून पडद्याच्या पृष्ठभागावर प्रकाश सोडण्याची सोय आली. झोपण्यापूर्वी अशा यंत्रावर वाचल्याने झोप लांबते, याचा पुरावा म्हणून 2014 च्या एका अमेरिकी प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. त्यात सहभागींना झोप लागायला छापील पुस्तक वाचल्यावर लागते त्यापेक्षा सरासरी दहा मिनिटे जास्त लागली हे खरे. पण शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘ई-रीडर’ हा शब्द असला तरी त्यांच्या हातात होता पूर्ण प्रखरतेवर ठेवलेला आयपॅड. मंद प्रकाशाच्या ई इंक पडद्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.