गडवाटांची झीज: पुण्याभोवतीच्या डोंगरांची पार्श्वभूमी

पावसाळा सरता सरता आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट चढू लागले, की जागोजागी वाटेचा ओघळ झालेला दिसतो. मधली माती वाहून गेलेली असते, झाडांची मुळे उघडी पडलेली असतात आणि तो खोलगा चुकवणाऱ्यांनी दोन्ही अंगांना नव्या वाटा पाडलेल्या असतात. याचा दोष सहसा वाढत्या गर्दीला दिला जातो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु वाट मुळात कोणासाठी पडली आणि उतारावर ती कोणत्या रेषेने गेली, हे कारण गर्दीपेक्षा जुने आहे व त्याचा विचार फारसा होत नाही.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे. हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट काळ्या कातळाचे असून त्यांचे कडे होतात; काही सच्छिद्र असून लवकर कुजतात आणि त्यांचा मुरूम होतो. कडा चढण्यास अवघड, म्हणून वाटा साहजिकच मुरमाड उतारांवरून आणि सोंडांवरून जातात. पायाला सोयीची असते तीच जागा पाण्यालाही कापण्यास सोपी असते.

गवताने धरून ठेवलेल्या मातीत पाऊस मुरतो. सततच्या चालण्याने गवत मरते, माती दबून तिच्यातील पोकळ्या बुजतात आणि मुरायचे पाणी वरून वाहू लागते. उताराला आडवी, तिरकी गेलेली वाट हे पाणी थोड्या थोड्या अंतरावर खालच्या बाजूला सोडून देते. उताराच्या दिशेने सरळ चढणारी वाट मात्र त्याच्यासाठी पाटच ठरते. वेग वाढला की पाणी आधी बारीक माती नेते, मागे सुटे गोटे उरतात आणि ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो तयार होतो. घसाऱ्यावर पाय ठरत नाही, म्हणून चालणारा कडेच्या गवतावर सरकतो आणि वाट हातभर रुंदावते. वळण टाळून मारलेला शॉर्टकट हीच क्रिया अधिक वेगाने घडवतो, कारण तो नेमका सर्वांत तीव्र उताराची रेषा पकडतो.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते, याचे पुरावे पुणे जिल्ह्यातच आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळापासून वाहती असलेली वाट दगडांनी बांधलेली आहे. पर्वतीच्या दगडी पायऱ्यांवर रोज पहाटेपासून वर्दळ असते, तरी तेथे ओघळ पडत नाही; त्याच शहरातील वेताळ टेकडीवरच्या उघड्या मुरमाड वाटा मात्र दर पावसाळ्यात खोल जातात. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्यांनी गडाच्या उतारावरील झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी, तीतील काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद दिली आहे. हेतू संरक्षणाचा होता, पण त्या झाडीने मातीही धरून ठेवली. रोजच्या राबत्यास लागतील तेवढे दरवाजे व दिंड्या (लहान दारे) ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असेही तेथे सांगितले आहे.

ही दुसरी सूचना वाचताना राजगड आठवल्यावाचून राहत नाही. गडाचा राजमार्ग पाली दरवाज्याचा. तो रुंद व पायऱ्यांचा आहे. गुंजवण्याच्या बाजूने थेट पद्मावती माचीवर (बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर) नेणारा चोरदरवाजा, नावाप्रमाणेच, प्रसंगी मोजक्या माणसांनी वापरण्यासाठी होता. आज मात्र सुटीच्या दिवशी येणाऱ्यांपैकी पुष्कळजण जवळची वाट म्हणून हीच चढण धरतात. आणीबाणीसाठी आखलेल्या उभ्या रेषेवर राजमार्गाची वर्दळ आली आहे आणि ती चढण हे ओझे कसे पेलते, ते तेथील घसारा पाहून कळते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि गडांवरील शिबंदी (पहाऱ्याची फौज) उठली. जुन्नरच्या जीवधनसारख्या किल्ल्याच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. त्याहून दूरगामी गोष्ट म्हणजे वाट राखण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. घेरा सिंहगड हे गावाचे नाव अजून टिकून आहे, पण घेऱ्यातील, म्हणजे गडाच्या पायथ्याभोवतालच्या, वस्त्यांकडे पूर्वी असलेली गडराखणीची कामे संपली. पुढे सरपण आणि चराईने उतार उघडे पडत गेले, त्यात उन्हाळ्यातील वणव्यांची भर पडली. वणव्यानंतर पहिला वळीव उघड्या मातीवर थेट आदळतो. तेव्हा तेथे ना गवत असते, ना पालापाचोळा.

गेल्या काही दशकांत शहर वाढले, तशी डोंगरांकडे जाणारी पावलेही वाढली. सिंहगडावर मोटाररस्ता असूनही पायवाट ओस पडली नाही. उलट सरावासाठी दर आठवड्याला ती चढणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांमागून टेकड्या ओलांडणारी चाल रात्रीही होऊ लागली आणि अंधारात पाय वाटेबाहेर पडणे ओघानेच आले. पण माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट ऋतूची आहे. आपल्याकडे डोंगरावरील सर्वांत मोठी गर्दी जून ते सप्टेंबरमध्ये, हिरवाई आणि धबधब्यांसाठी होते. म्हणजे माती सर्वांत ओली आणि दुबळी असते, नेमकी तेव्हाच. चिखल चुकवत कडेकडेने चालणाऱ्या हजारो माणसांनी एका पावसाळ्यात केलेली झीज कोरड्या हिवाळ्यातील तेवढ्याच चालण्याने होणार नाही.

दुरुस्तीचे प्रयत्नही या इतिहासापासून तुटलेले आहेत. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, लोहगड आणि राजगड मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु लक्ष आणि निधी प्रामुख्याने तटबंदी व दरवाज्यांकडे जातो, आणि तेथवर नेणारी वाट पुष्कळदा त्याबाहेर राहते. उतारांवर एकाच उंचीच्या रेषेत आडवे खोदलेले समतल चर पाणी जिरवतात, पण पायवाटेने त्यांचा बांध तुडवला गेला की साठलेले पाणी एकदम त्याच वाटेने सुटते. काही ठिकाणी वाटेवर सिमेंटच्या पायऱ्या टाकल्या जातात. बाजूला पाणी काढून देणारी गटारे नसतील, तर पाणी त्यांच्या कडेने उतरते, पायऱ्यांखालची माती पोखरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायऱ्यांच्या शेजारी नवा ओघळ तयार होतो.