ज्वालामुखी

भूकवचातील ज्या छिद्रातून किंवा भेगेतून तप्त शिलारस (वितळलेला खडक), वायू आणि खडकांचे तुकडे बाहेर पडतात, त्यास ज्वालामुखी म्हणतात. हे पदार्थ साचून तयार झालेल्या डोंगरालाही तेच नाव आहे. नाव तसे फसवे. मुखाशी दिसते ती बहुधा ज्वाला नसते, तर लालभडक लाव्हा आणि त्याच्या उजेडाने उजळलेली वाफ असते. ‘राख’ हा शब्दही तसाच. तेथे काही जळालेले नसते. ती काच व खडक यांची बारीक पूड असते.

कवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे, हा समज चुकीचा आहे. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सर्वत्र घन असते आणि मोजक्याच जागी, तेही अंशतः, वितळते. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य थराचे प्रचंड सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर जातात तेथे खालचा खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि तापमान न वाढताही तो वितळू लागतो. हवाईसारख्या तप्तस्थळी, म्हणजे जेथे खोलवरून तप्त खडक वर येत राहतो तेथेही, हेच घडते. याउलट एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो तेथे बुडत्या पट्टातून सुटलेले पाणी वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली आणते. प्रशांत महासागराच्या कडेचे बहुतेक ज्वालामुखी असे जन्मले.

शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर चढतो. उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे मुख्यतः त्यात विरघळलेल्या वायूंवर ठरते. वर येताना दाब कमी झाला की बाष्प, कार्बन डायऑक्साइड व गंधकी वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. सुमारे ५० टक्के सिलिका (वाळूतील मुख्य घटक) असलेला बेसाल्टी रस पातळ असतो. त्यातून वायू सहज निसटतात आणि लाव्हा वाहत जातो. सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर रस इतका घट्ट असतो की बुडबुडे कोंडतात आणि अखेर रसाच्याच चिंधड्या होतात.

जीवितहानी लाव्ह्याने क्वचितच होते. त्याच्यापुढून माणूस बहुधा चालत दूर जाऊ शकतो. घातक ठरतात ते उतारावरून सुसाटणारे तप्त वायू व राखेचे लोट आणि चिखलाचे लोंढे. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुइझचा उद्रेक मोठा नव्हता, पण शिखरावरचे बर्फ वितळून आलेल्या लोंढ्याने आर्मेरो हे गाव गाडले; २० हजारांहून अधिक माणसे दगावली.

हवामानावर खरा परिणाम राखेचा नव्हे, गंधकाचा. राख काही दिवस-आठवड्यांत खाली बसते. सल्फर डायऑक्साइड हा गंधकी वायू मात्र स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थरावरच्या थरात, पोचला की त्यापासून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते वर्ष-दोन वर्षे सूर्यप्रकाश परतवत राहतात. फिलिपाइन्समधील पिनातुबोने १९९१ मध्ये असा सुमारे दीड ते दोन कोटी टन वायू वर फेकला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ अंदाजे अर्ध्या अंशाने उतरले. १९८० चा सेंट हेलेन्सचा स्फोट पाहायला भयंकर होता, पण गंधक कमी असल्याने हवामानावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. टोंगाजवळच्या सागरी ज्वालामुखीने २०२२ मध्ये या नियमालाही बगल दिली. त्याने गंधक थोडे आणि समुद्राचे पाणी अफाट उडवले. स्थितांबरातील बाष्पात त्यामुळे सुमारे एक दशांश भर पडली, आणि बाष्प हा स्वतःच उष्णता धरून ठेवणारा वायू आहे.