दोन लिटरला एक मिली : सीआरडीच्या औषधमात्रेची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या ब्रॉयलर शेडचे पडदे खाली येतात. तूस ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात. रात्री दिवे मालवून दोन मिनिटं शांत उभं राहिलं की पक्ष्यांची घरघर कानावर येते. हाच सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग. सुरुवात मायकोप्लाझ्मा हा जंतू करतो. त्यावर ई. कोलाय हा दुसरा जंतू चढला की मरतूक वाढते.

1950 च्या आसपास अमेरिकेत खाद्यातून किंचित प्रतिजैविक दिलं तर पिल्लं लवकर वाढतात हे ध्यानात आलं आणि ती पद्धत जगभर पसरली. 1969 मध्ये ब्रिटनमधल्या एका समितीने त्यातला धोका, म्हणजे जंतू औषधाला चिवट होणं, दाखवला. युरोपात वाढीसाठीचा हा वापर पूर्ण थांबायला 2006 उजाडलं. त्याआधी 2005 मध्ये अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची परवानगी काढून घेतली होती. आपल्याकडे जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद झालं.

बंदी कुठल्या औषधावर, याची चर्चा खूप झाली. ‘डोस’ या शब्दाचा घोळ मात्र तसाच राहिला, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथंच होतं. एन्रोफ्लॉक्सासिनची मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे पक्ष्याच्या वजनावर. शेडवर मात्र ती पाण्यावर मोजतात : 10 टक्क्यांचं औषध, दोन लिटरला एक मिली. म्हणजे लिटरला 50 मिलिग्रॅम. आठवड्याचं पिल्लू साधारण 200 ग्रॅमचं, दिवसाला 60 मिली पाणी पितं. त्याला किलोमागे 15 मिलिग्रॅम मिळतात. दोन किलोचा पक्षी 300 मिलीच्या आसपास पितो, त्याला साडेसातच. टाकी तीच, बाटली तीच, पण घरघर ज्या वयात जोर धरते त्याच वयात औषध कमी पडतं. त्यात आजारी पक्षी पाणी कमी पितो आणि पावसाळी गारव्यात सगळेच कमी पितात.

एन्रोफ्लॉक्सासिन रक्तातली पातळी उंच चढली तरच जंतू मारतं. दिवसभर पातळ करून पाजलं तर ती चढत नाही, आणि वाचलेला ई. कोलाय पुढच्या बॅचला अधिक चिवट होऊन भेटतो. म्हणून पाणी थोडा वेळ तोडून पूर्ण दिवसाची मात्रा चार-सहा तासांत पाजतात. टायलोसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचं उलट : तिथं पातळी जास्त वेळ टिकणं महत्त्वाचं. अमॉक्सिसिलिन तर मायकोप्लाझ्मावर चालतच नाही, कारण ज्या पेशीभित्तीवर ते घाव घालतं ती या जंतूला नसतेच. बोअरचं पाणी जड असेल तर ऑक्सिटेट्रासायक्लिन त्यातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि आतड्यातून रक्तात कमी उतरतं. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातल्या शेडवाल्यांनी औषध बदलण्याआधी पाणी तपासून घ्यावं.

2012 च्या केंद्रीय नियमानुसार, औषध थांबवल्यापासून पक्षी कापेपर्यंतचा त्या औषधाचा स्वतंत्र कालावधी सिद्ध झालेला नसेल तर मांसासाठी मध्ये किमान 28 दिवस जावे लागतात. ब्रॉयलर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास उचलला जातो. घरघर सुरू होते ती बहुतेकदा चौथ्या आठवड्यात. म्हणजे कालावधी सिद्ध न झालेल्या औषधाची बाटली त्या वयात उघडायचीच नाही, आणि उचल जवळ आली असताना नेमकी तीच उघडली जाते. 1000 पक्ष्यांच्या शेडमध्ये पन्नासेक पक्षी ताणकाट्यावर टांगून सरासरी वजन काढायला अर्धा तास लागतो. औषधाच्या वहीत ‘किती लिटर’च्या शेजारी ‘किती किलो’चा रकाना आजही बहुतेक ठिकाणी नाही.