घरी बांधलेल्या विमानांच्या पंखांची टोकं: पार्श्वभूमी

पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. टोकाशी अडवायला काही नसल्याने खालची हवा वळसा घालून वर येते आणि मागे भोवरे सुटतात. लिफ्टच्या, म्हणजे विमान उचलून धरणाऱ्या जोराच्या, बदल्यात मोजावा लागणारा हा दंड म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग, हवेच्या विरोधाचा एक प्रकार. टोकाला उभी पाटी लावण्याचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1897 सालीच घेतलं होतं. राइट बंधू उडायला अजून 6 वर्षं होती. पुढे जर्मनीत प्रांट्ल यांच्या सिद्धांताने हिशेब पक्का झाला: वजन आणि वेग तेच ठेवून पंख 10 टक्के लांबवला, तर हा ड्रॅग सुमारे 17 टक्के घटतो. मग पंखच लांब का करू नये? मुळाशी वाकवणारा जोर वाढतो, स्पार (पंखातला मुख्य दांडा) जाड करावा लागतो, वजन चढतं. शिवाय हँगरचं दार काही रुंद होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या सिगहार्ड होर्नर यांनी स्वस्तातला मार्ग दाखवला: खालून वर तिरकं कापलेलं, धारदार कडेचं टोक. भोवरा किंचित बाहेर सरकतो, इतकंच. पण फोमचा ठोकळा कापून वर फायबरग्लास चढवला की काम होतं, म्हणून घरी विमान बांधणाऱ्यांनी ते उचललं.

विंगलेटवरचा, म्हणजे पंखाच्या टोकाशी उभ्या केलेल्या छोट्या पंखावरचा, नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांचा गाजलेला अहवाल 1976 मध्ये निघाला. त्याआधीच, मे 1975 मध्ये, अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचं व्हेरी-ईझी हे छोटं विमान विंगलेट लावून उडालं होतं. माझ्या मते तिथे ड्रॅगची बचत हे अर्धंच कारण. नेहमीची शेपटी नसलेल्या, छोटा आडवा पंख पुढे असलेल्या कॅनार्ड विमानाला दिशा स्थिर ठेवणारा उभा फिन कुठेतरी हवाच होता. मागे रेललेल्या पंखांच्या टोकांवर तो आयता बसला. पुढच्या लाँग-ईझीत विंगलेटमधले रडर (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्ट्या) फक्त बाहेर वळतात, त्यामुळे दोन्ही पेडल एकदम दाबले की वेगही थोडा आवरता येतो.

शेपटीवाल्या विमानाला हा दुहेरी फायदा नाही. वेग दुप्पट झाला की इंड्यूस्ड ड्रॅग चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे वेगाने जाताना वाचवायला फारसं उरत नाही, आणि विंगलेटचं घर्षण, वजन, फ्लटरची (वेगात पंख धोकादायकपणे थरथरण्याची) धास्ती मात्र कायम. चढताना किंवा फार उंचावर चित्र वेगळं.

रुटान यांच्याच व्हॉयेजर विमानाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 14 डिसेंबर 1986 रोजी एडवर्ड्स तळावरून निघताना इंधनाच्या भाराने पंख इतके लवले की टोकं धावपट्टीवर घासली. विंगलेट मोडले, उड्डाणानंतर वैमानिक, बर्ट यांचे भाऊ डिक रुटान यांनी विमान मुद्दाम आडवं घसरवून लोंबकळणारे अवशेष झटकले. इंधन न भरता, कुठेही न उतरता, 9 दिवसांत त्यांनी आणि जीना येगर यांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ती विंगलेटशिवाय. मुळातले पंखच जवळपास 34 मीटर लांब होते!

ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीच्या लोकप्रिय आरव्ही किट विमानांना विंगलेट नसतात. फायबरग्लासचं साधं टोक, त्यात दिवे. धातूच्या पंखात रेडिओ लहरींना न अडवणारा भाग तेवढाच, म्हणून पुष्कळ जण अँटेनाही तिथेच दडवतात.