एकांत प्रार्थना व उपास (ख्रिस्ती धर्म)

एकांत प्रार्थना व उपास : ख्रिस्ती माणसाने चारचौघांच्या नजरेआड, एकट्याने देवासमोर करायची साधना. रविवारची उपासना, कौटुंबिक प्रार्थना किंवा चर्चने नेमून दिलेले उपास यांहून ती वेगळी असली, तरी त्यांना पर्याय म्हणून ती आलेली नाही. तिचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात सापडतो. तिथे दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींना येशू एकच अट घालतो : लोकांनी पाहावे म्हणून करू नका.

शब्दांचा घोळ आधीच निस्तरलेला बरा. मराठीत ‘उपोषण’ म्हटले की मंडप, फलक आणि बातमीदार डोळ्यांपुढे येतात. ते लोकांनी पाहावे म्हणूनच केले जाते. ‘उपवास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी. मराठी ख्रिस्ती मंडळी बहुधा ‘उपास’ किंवा ‘उपास-प्रार्थना’ म्हणतात. या जोडशब्दात प्रार्थना मुख्य असते आणि भूक तिच्या साथीला.

मत्तयातला हा उतारा बारकाईने वाचण्याजोगा आहे. ‘आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे’ या वाक्यात खोलीसाठी आलेला मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ हा धान्य-सामान ठेवण्याच्या कोठीसाठी वापरतात. येशूच्या गालील प्रांतातल्या साध्या घरात स्वतंत्र खोली कुठली असणार? आडोशाची जागा म्हणजे कोठीच. ज्यांनी दिखावा केला ‘ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’ या वाक्यातले ग्रीक क्रियापद त्या काळच्या पपायरसवरच्या पावत्यांत ‘रक्कम पोचली’ या अर्थाने येते. मराठी भाषांतरकारांनी ‘भरून पावले’ हा शब्द नेमका टिपला आहे, कारण आपली ‘पावती’ही त्याच धातूची. लोकांची वाहवा मिळाली, पावती फाटली, हिशेब मिटला. उपास करणाऱ्याने मात्र डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे रोजच्यासारखे दिसावे, असे येशू सांगतो.

ही शिकवण यहुदी परंपरेतूनच आली. प्रायश्चित्ताच्या दिवशी सगळ्या लोकांनी उपास करावा असा नियम होता आणि लूककृत शुभवर्तमानातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) ‘मी आठवड्यातून दोनदा उपास करतो’ असे देवालाच ऐकवतो. पण एकांताची परंपराही जुनीच. 1 शमुवेलमधली हन्ना मंदिरात मूल मागते तेव्हा तिचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटते, ही बाई प्यायली आहे. निःशब्द प्रार्थना किती अपरिचित होती, याचा हा बोलका पुरावा. यशया संदेष्टा 58 व्या अध्यायात आणखी पुढे जातो : उपासाच्या दिवशी मजुरांना राबवून घ्यायचे आणि देव आपल्याकडे पाहत नाही म्हणून कुरकुर करायची, हे त्याला खपत नाही. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, हाच देवाला हवा असलेला उपास, असे तो म्हणतो.

येशू स्वतः अरण्यात 40 दिवस उपाशी राहिला, पहाटे अंधारात उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला आणि बारा प्रेषित निवडण्याआधीची रात्र त्याने डोंगरावर प्रार्थनेत काढली, असे शुभवर्तमाने सांगतात. तरीही त्याचे शिष्य उपास का करत नाहीत, अशी तक्रार लोकांनी केलीच. नवरदेव सोबत असताना वऱ्हाडी शोक कसा करतील, हे त्याचे उत्तर. शुभवर्तमानांच्या नकला करणाऱ्या पुढच्या लेखनिकांचा उपासावरचा लोभ मोठा दिसतो. मार्क 9:29 मध्ये (दुष्ट आत्मा प्रार्थनेशिवाय निघत नाही, असे येशू सांगतो तिथे) ‘प्रार्थनेशिवाय’ या शब्दापुढे अनेक हस्तलिखितांत ‘व उपासाशिवाय’ अशी भर आहे. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या प्रतींत ती नाही. आजची बरीच भाषांतरे ती तळटीपेत टाकतात.

‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ‘ढोंगी’ लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा, असा सल्ला आहे. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ दिवसातून तीनदा म्हणावी, असेही सांगितले आहे. ढोंगावरचा उपाय म्हणून वार बदलणे हा माणसाच्या स्वभावाला धरूनच झाला. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेला ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा ग्रंथ अधिक नेमके सांगतो : उपासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जेवणावर किती खर्च झाला असता त्याचा हिशेब करावा आणि तेवढे पैसे विधवेला, पोरक्याला किंवा गरजूला द्यावेत. अथेन्सचा आरिस्तिदेस त्याच शतकात रोमन सम्राटाला उद्देशून लिहितो की, ख्रिस्ती लोकांकडे शिल्लक काही नसले तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून गरिबाच्या जेवणाची सोय करतात.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी उपास टोकाला नेला, पण त्याला मुरड घालणारा विनोदही त्यांच्याचकडे होता. योहान कासियान (सुमारे 360–435) हा संन्यासी तिथे गेला तेव्हा पाहुणा आला की हे लोक उपास सहज मोडतात, हे पाहून चकित झाला. एका वृद्धाने त्याला सांगितले की, उपास तर कायम माझ्यापाशीच आहे, तुम्ही मात्र जाणार. उपास स्वेच्छेचा, प्रेम आज्ञेचे. दुसऱ्या एकाने पोट भरले म्हणणाऱ्या कासियानला चांगलेच सुनावले : आज मी सहा वेळा पान मांडले, प्रत्येक पाहुण्याबरोबर जेवलो, तरी मला भूक आहे, आणि तुझे एकदाच्या जेवणात भागले? रोज किती कमी खातो हे पाहुण्याला कळू नये, एवढ्यासाठी त्याच्याबरोबर सहा वेळा जेवणे, हे डोक्याला तेल लावण्याचेच वाळवंटी रूप म्हणायला हवे.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत या गुप्ततेलाही लगाम घातला. उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, प्रत्येकाने आपणहून थोडे अन्न, पेय, झोप किंवा बडबड कमी करावी. पण काय कमी करणार ते मठाधिपतीला आधी सांगावे, कारण परवानगीविना केलेली तपश्चर्या अहंकारात मोडते. एकांत प्रार्थनेबद्दल त्याचे म्हणणे साधे : मनात आले की प्रार्थनागृहात जावे आणि प्रार्थना करावी, मोठ्या आवाजात नव्हे तर अश्रूंनी. या लगामाची गरज इटलीतली संत, सिएनाच्या कॅथरिनच्या (1347–1380) चरित्रात दिसते. वडीलधाऱ्यांनी जेवण्याची आज्ञा करूनही तिला अन्न घेणे जमेना आणि 33 व्या वर्षी तिचा अंत झाला.

धर्मसुधारणेच्या काळात वाद पेटला तो सक्तीवरून. 1522 च्या उपासकाळात झुरिचमध्ये फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही जणांनी सॉसेज खाल्ले. तिथला सुधारक धर्मोपदेशक झ्विंग्ली हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण नंतर प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. उपास करायचा असेल तर करा, दुसऱ्यावर लादू नका, असा त्याचा मुद्दा. यामुळे प्रॉटेस्टंट पंथांतून उपास गेला असे मात्र नाही. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (1703–1791) ऑक्सफर्डमध्ये बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही खात नसे.

आज कॅथलिक चर्चचा नियम पुष्कळ सौम्य आहे. 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी केलेल्या बदलांनंतर सक्तीचे उपास राखेचा बुधवार (उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे एवढे दोनच उरले. तेही 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांना, आणि त्यात एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडेसे खाणे चालते. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स चर्च कडक आहे : महाउपासात (ईस्टरआधीच्या उपासकाळात) मांस, अंडी, दूधदुभते, मासे सगळे वर्ज्य. मात्र कोळंबी-शिंपल्यांना कणा नसल्याने ती चालतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कुठल्याही धर्मात लागू पडते.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही धारा दिसतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या आरंभी पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींचे गट जमवले. जूनअखेर तिथे जी धार्मिक जागृती झाली, तिची ओळख एकाच वेळी सगळ्यांनी मोठ्याने केलेली प्रार्थना हीच होती. वसईच्या कॅथलिक घरांत उपासकाळात बऱ्याच ठिकाणी मांस शिजत नाही, लग्ने टाळली जातात. राखेच्या बुधवारी मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची राख कपाळाला लावतात आणि त्याच मिस्सात (कॅथलिक उपासनाविधीत) मत्तयाचा 6 वा अध्याय वाचला जातो, ‘तोंड धू’ या वाक्यासह. बाहेर पडल्यावर कोणी कपाळ पुसून कामाला जातो, कोणी राख रात्रीपर्यंत तशीच ठेवतो. चर्चने याबाबत नियम केलेला नाही.